साल्हेर : वाटेवरचा डोंगर



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय शिकवत आणि दोन्ही तास एकाच नकाशासमोर घेत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आज मला जे मांडायचं आहे, त्यासाठी तोच नकाशा लागेल.

संयोजकांनी विषय सुचवला, 'एका दुर्गम डोंगराचा स्थानिक इतिहास'. मी डोंगर निवडला साल्हेर. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातला, १५६७ मीटर उंचीचा. कळसूबाई सोडली तर सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या भागात याहून उंच शिखर नाही आणि महाराष्ट्रातला याहून उंच किल्लाही नाही. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याला सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर अशी मजल मारत वाघांबे किंवा साल्हेरवाडीला पोचावं लागतं. तिथून पुढे पायी. तेव्हा 'दुर्गम' हे विशेषण त्याला सहज चिकटतं. मला वाद घालायचा आहे तो या विशेषणाशी. साल्हेर चढायला कठीण आहे, यात शंका नाही. पण तो आडबाजूला कधी नव्हता. किमान पाचशे वर्षं तो हमरस्त्यावरचा डोंगर होता. पुढे रस्ते हलले आणि डोंगर होता तिथेच राहून दूरचा झाला. एखाद्या जागेचं दूरपण हे त्या जागेच्या अंगी नसतं, ते इतिहासात केव्हातरी घडतं, आणि केव्हा, कशामुळे घडलं हे सांगता येतं. माझं म्हणणं एवढंच आहे.

आता नकाशा पाहू. सह्याद्रीची रांग उत्तरेला संपत येते, तिथे ती एकसंध राहत नाही. तिला पूर्वेकडे फाटे फुटतात. त्यांतल्या सेलबारी आणि डोलबारी या दोन रांगा बागलाणात उतरतात. सेलबारीवर मांगी-तुंगीचे जुळे सुळके आणि न्हावीगड. डोलबारीवर साल्हेर, त्याला खिंडीने जोडलेला सालोटा, पूर्वेला मुल्हेर, मोरा आणि हरगड. या रांगांमधून मोसम नदी निघते, मुल्हेर-ताहाराबाद-नामपूरवरून मालेगावकडे जाते आणि गिरणेला मिळते. साल्हेरच्या पश्चिमेला आणि उत्तरेला डांगचं सागवानी रान, आणि त्याच्या पलीकडे गुजरातचा सपाट प्रदेश. साल्हेरपासून सुरत सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई त्याच्या दीडपटीहून लांब, रायगड त्याहूनही लांब. म्हणजे या डोंगराचं तोंड नैसर्गिकरीत्याच सुरतेकडे आहे. घाटमाथ्यावर उभा राहून तो दख्खन आणि गुजरात यांच्या मधल्या दारावर नजर ठेवतो.

हे दार जुनं आहे. परशुरामाने पृथ्वी दान केल्यावर स्वतःला राहायला जागा उरली नाही, म्हणून त्याने साल्हेरवरून बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केलं, ही कथा इथे घरोघर सांगतात. शिखरावर त्याचं लहानसं मंदिर आहे. ही कथा पश्चिम किनाऱ्यावर इतर ठिकाणीही सांगितली जाते, त्यामुळे 'खरी जागा कोणती' या वादात पडण्यात अर्थ नाही. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. इथून समुद्र शंभर किलोमीटरहून लांब आहे. तरी या डोंगरातल्या माणसांनी आपल्या डोंगराचा संबंध समुद्राशी लावला. समुद्र हा आपल्या हद्दीतला विषय आहे असं त्यांना वाटलं, ते उगीच नाही. समुद्रावर येणारा माल त्यांच्या पायथ्याने जात होता.

इतिहासात बागलाणचं नाव ठळकपणे येतं ते एका पराभवाच्या निमित्ताने. तेराव्या शतकाच्या शेवटी अलाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात जिंकला आणि तिथला वाघेला राजा कर्ण पळाला. तो आला बागलाणात. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या आश्रयाने काही वर्षं त्याने या डोंगराळ पट्ट्यात तग धरला. त्याची मुलगी देवलदेवी पुढे दिल्लीला नेली गेली आणि अमीर खुस्रोच्या काव्याचा विषय झाली. १८६६ मध्ये नंदशंकर मेहता यांनी याच कर्णावर 'करण घेलो' ही गुजराती कादंबरी लिहिली. गुजरातचा शेवटचा राजपूत राजा आश्रयाला इथे येतो, यादवांचा हात त्याच्या पाठीवर असतो, आणि दिल्लीची फौज त्याला शोधत इथवर पोचते. तीन सत्तांना ठाऊक असलेल्या जागेला आडरान कसं म्हणायचं?

यानंतर येतात बागूल. स्वतःला राठोड म्हणवणारं, मूळ कनोजशी जोडणारं हे घराणं मुल्हेर आणि साल्हेर या दोन किल्ल्यांच्या बळावर काही शतकं टिकलं. त्यांच्याविषयी मराठी वाचकाला फार थोडं माहीत आहे, आणि याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कारण त्यांच्या नावावर एक अख्खं संस्कृत महाकाव्य आहे. मयूरगिरीच्या, म्हणजे मुल्हेरच्या, नारायण शाहाच्या दरबारी रुद्रकवी नावाचा कवी होता. त्याने १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' लिहिलं. वीस सर्गांचं हे काव्य १९१७ मध्ये वडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापलं गेलं. दरबारी काव्यातली स्तुती वजा करायची हे आपण जाणतोच. पण ती वजा केल्यावरही एक गोष्ट उरते. ज्या डोंगरी राज्याला स्वतःची वंशावळ महाकाव्यात बांधून घ्यावीशी वाटते आणि त्यासाठी कवी पोसता येतो, त्या राज्याकडे पैसा आहे.

पैसा कुठून आला? बागलाण सुपीक होतं, अबुल फजलनेही या प्रदेशातल्या फळांची नोंद घेतली आहे. पण एवढ्याने भागत नाही. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. त्याच्या टिपणांत बागलाणच्या प्रतापशाहाचा उल्लेख आहे. साल्हेर आणि मुल्हेर हे दोन बळकट किल्ले, त्यांवर जाणाऱ्या वाटा इतक्या अरुंद की दोन माणसं शेजारी शेजारी किंवा फार तर एक हत्ती चढू शकेल, वाटेवर पहाऱ्याच्या कितीतरी लहान गढ्या, माथ्यावर चराई आणि धान्य, पाण्याचे झरे. अकबराने सात वर्षं वेढा घालून शेवटी तडजोड केली, असंही तो सांगतो. आणि तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी व्यापाऱ्याच्याच नजरेला पडावी अशी आहे : इथे महमुदी पाडतात.

महमुदी हे मुळात गुजरातच्या सुलतानांचं चांदीचं नाणं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेच्या पेठेत हिशेब महमुदीत चालत. आणि मुल्हेरच्या टांकसाळीत पडलेल्या महमुदीवर नाव असे अकबराचं. हे चित्र नीट डोळ्यांसमोर आणा. डोंगरातला एक राजा, नाण्यावर बादशहाचं नाव, नाण्याचं वजन आणि ओळख गुजरातची, आणि ते खपणार हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या बंदरात. बादशहाचं नाव ही मान झुकवल्याची खूण, टांकसाळ आपल्या हातात ही न झुकल्याची. बागुलांचं राजकारण समजून घ्यायला याहून चांगला दस्तऐवज नाही, आणि तो तळहातावर मावतो. चांदी सुरतेला जहाजांतून येई. ती या डोंगरात शिरत होती, तिला ठसा मिळत होता आणि ती परत बाजारात जात होती. टांकसाळ रस्त्याच्या कडेला घालतात, जगाच्या टोकाला नव्हे.

अशी जागा मोगलांच्या डोळ्यांवर येणारच होती. १६३६ मध्ये निजामशाही संपली, तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला आणि १६३८ मध्ये त्याच्या फौजेने मुल्हेरला वेढा दिला. बहिर्जी बागुलाने किल्ला सोडला, त्याला सुलतानपूर मिळालं आणि त्याच्या मागे बागलाण मोगली मुलखात विरून गेलं. मुल्हेरला 'औरंगगड' हे नाव पडलं, ते टिकलं नाही. सुरत ते दख्खन ही वाट आता एकाच सत्तेच्या हाती आली होती.

इथवरचा इतिहास मी मुद्दाम सावकाश सांगितला. कारण यापुढचा, १६७० ते १६७२ चा भाग, आपल्या सर्वांना माहीत आहे, आणि तो एवढा झळाळता आहे की त्याच्या उजेडात आजूबाजूचं काही दिसेनासं होतं. पण मागचं ठाऊक असेल तर साल्हेरची लढाई साल्हेरलाच का झाली, हे कळतं.

ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. परतीची वाट बागलाणातूनच. घाट उतरताना वणी-दिंडोरीजवळ १७ ऑक्टोबरला मोगल सरदार दाऊदखानाशी गाठ पडली, ती लढाई महाराजांनी जिंकली आणि लूट सुखरूप पुढे गेली. पण या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट झाली असणार. सुरतेला पुन्हापुन्हा जायचं, चौथाई मागायची, तर वाटेवरचा चौकीदार आपला हवा. १६७१ च्या सुरुवातीला साल्हेर मराठ्यांकडे आला. मोगलांनाही त्याचा अर्थ तितकाच लख्ख कळला. बहादूरखान आणि दिलेरखान यांच्या मोहिमेत साल्हेरला वेढा पडला. पुढे हे दोघे दक्षिणेकडे वळले आणि वेढ्यावर इखलासखान मियाना, राव अमरसिंह चंदावत हे सरदार राहिले.

१६७२ च्या सुरुवातीची ती लढाई. सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली, तेव्हा या लढाईला पंचवीस वर्षं झाली होती. तो सांगतो : महाराजांनी प्रतापराव गुजरांना घोडदळासह एका अंगाने आणि मोरोपंत पिंगळ्यांना कोकणातून पायदळासह दुसऱ्या अंगाने येण्याचा हुकूम केला. दोन्ही दळं वेळेवर मिळाली. चार प्रहर झुंज झाली, तीन कोसांत धुळीने आपलं-परकं कळेनासं झालं. सूर्यराव काकडे जंबूरियाचा, म्हणजे हलक्या तोफेचा, गोळा लागून पडले, सभासद त्यांना कर्णाच्या पंक्तीला बसवतो. अमरसिंह मारला गेला, इखलासखान जखमी होऊन सापडला आणि पुढे सोडून दिला गेला. गणतीला लागलेले सहा हजार घोडे, तितकेच उंट, सव्वाशे हत्ती, हे आकडे बखरीचे आहेत आणि बखरीचे म्हणूनच घ्यावेत. पण भूषणाच्या 'शिवराजभूषण'मध्ये, म्हणजे लढाईनंतर लगेचच, साल्हेरचं नाव येतं, यावरून तिचा बोलबाला लढणाऱ्यांच्या हयातीतच किती झाला होता हे दिसतं.

या लढाईचं महत्त्व सांगताना 'मराठ्यांनी मोगलांना खुल्या मैदानात हरवलं' असं म्हणतात. ते खरंच आहे. गनिमी काव्याची फौज उघड्या रणातही पुरून उरते, हे साल्हेरने दाखवलं. पण मी त्या वाक्यापुढे आणखी एक वाक्य जोडेन, आणि ते नकाशावरून येतं. साल्हेरनंतर लगेच, १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंतांनी जव्हार घेतलं, जुलैमध्ये रामनगर, म्हणजे आजचं धरमपूर. साल्हेर, जव्हार, रामनगर ही तीन नावं नकाशावर जोडा. रेषा सुरतेच्या वेशीवर जाऊन थांबते. रामनगर हाती येताच सुरतेकडे चौथाईची मागणी गेली. लढाई डोंगराच्या पायथ्याशी झाली, तिचा निकाल बंदरात लागला. साल्हेर जिंकणं म्हणजे एक किल्ला जिंकणं नव्हतं. सुरतेच्या रस्त्याची किल्ली हाती घेणं होतं.

पुढचा भाग बखरींना फारसा प्रिय नाही. १६८७ मध्ये साल्हेर परत मोगलांकडे गेला, आणि तोही लढून नव्हे. मुल्हेरचा मोगल किल्लेदार नेकनामखान याने पैसा आणि मानमरातब देऊन किल्लेदाराला वळवलं. ज्या किल्ल्याखाली एवढं रक्त सांडलं, तो वाटाघाटीत गेला, हे आपल्याला रुचत नाही. पण तेही याच जागेच्या मोलाचं प्रमाण आहे. ज्याची किंमत नाही, त्यासाठी कुणी थैली सोडत नाही.

मग हा डोंगर दूरचा कधी झाला? मला तीन पायऱ्या दिसतात.

पहिली, बंदर हललं. अठराव्या शतकात सुरतेची सद्दी संपत गेली. १७५९ मध्ये तिथला किल्ला इंग्रजांनी घेतला, आणि व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळला. दार ज्या घराचं होतं, ते घरच रिकामं होऊ लागलं. १५ जुलै १८१८ रोजी मुल्हेर इंग्रजांच्या हाती आला आणि तिसरं मराठा युद्ध या भागात तिथे संपलं. साल्हेर मात्र वडोद्याच्या गायकवाडांच्या मुलखात राहिला, म्हणजे शेजारी शेजारी असलेले हे दोन किल्ले दोन कारभारांत वाटले गेले.

दुसरी, रेल्वे. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे नाशिक-मनमाड-भुसावळ अशी गेली. शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वे सुरत-नंदुरबार-अमळनेर अशी आली. एक रूळ बागलाणच्या दक्षिणेने, दुसरा उत्तरेने. सपाटीने जाणं रुळांना स्वस्त पडतं, आणि डोलबारी दोन्हींच्या मधे राहिली. हजार बैलांचे तांडे ज्या खिंडींतून जात, त्या खिंडी गुराख्यांच्या झाल्या. डांगच्या रानातला साग मात्र मोलाचाच राहिला. १८४२ मध्ये इंग्रजांनी भिल्ल राजांकडून तिथली जंगलं पट्ट्याने घेतली होती. पण लाकूड बाहेर नेणाऱ्या वाटा गुजरातच्या सपाटीकडे उतरत होत्या, दख्खनशी त्यांचा संबंध नव्हता.

तिसरी, सीमा. १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली, डांग गुजरातेत गेला, साल्हेर महाराष्ट्रात राहिला. डांगवरून किती वाद झाला होता हे ज्येष्ठांना आठवत असेल. डोंगराच्या दृष्टीने परिणाम एकच होता. जो मधोमध होता, तो कडेला गेला. राजधानीतून पाहिलं तर सीमेवरची जागा नेहमी शेवटचीच दिसते.

बंदर, रूळ, सीमा. यांतलं एकही डोंगराने केलेलं नाही. १५६७ मीटर उंची अकबराच्या काळीही तेवढीच होती.

आता थोडं पायथ्याच्या लोकांविषयी. किल्ल्याच्या इतिहासात ते बहुधा 'रसद' या एका शब्दात येतात. रस्ते गेले, राजे गेले, तरी बागलाण ओस पडलं नाही, याचं कारण पाणी. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दर वर्षी फडांची पाळी बदलायची, शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले. पाणी कमी आलं तर एखादा फड भिजवायचा नाही. प्रत्येकाचं थोडं थोडं जातं, कुणा एकाचं सगळं जात नाही. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमायचा, त्याला मोबदला पिकातून. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही ही आपल्या आजच्या कालव्यांची जुनी तक्रार. फडाची मांडणी मुळातच ती उद्भवू नये अशी आहे. रुद्रकवीच्या महाकाव्याइतकाच हा बागलाणचा बौद्धिक वारसा आहे, असं मी म्हणेन. फरक एवढाच, की याचा कर्ता कुणी एक नव्हता.

आणि डोंगरात कोकणा आणि भिल्ल समाजाचा डोंगऱ्या देव. मार्गशीर्षात व्रत धरलेले पुरुष भगताच्या मागे, पावरीच्या सुरावर नाचत गावोगाव फिरतात आणि शेवटी रात्री डोंगरातल्या कपारीशी जाऊन देवाला भेटतात. हा उत्सव बागलाण, कळवण, सुरगाण्यात होतो आणि सीमेपलीकडे डांगातही. त्यात डोंगर हा किल्ला नाही, चौकी नाही, तो थेट देव आहे. मुल्हेरला उद्धव महाराजांच्या समाधीपाशी कोजागरीला रासक्रीडा होते, तिच्यातून गुजरात आणि दख्खन यांचं सख्य डोळ्यांनी दिसतं. मांगी-तुंगी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, तिथे २०१६ मध्ये ऋषभदेवांची १०८ फूट उंच मूर्ती पूर्ण झाली, यात्रेकरू देशभरातून येतात. राजकीय नकाशावर कडेला गेलेला हा प्रदेश श्रद्धेच्या नकाशावर कधी कडेला गेलाच नाही.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत साल्हेर आहे. आनंदाची गोष्ट आहे. आता रस्ता रुंद होईल, फलक लागतील, गर्दी वाढेल. किल्ल्यावरच्या गंगासागर तलावाच्या काठी काय साठेल याची काळजी आतापासून घ्यायला हवी. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझी काळजी वेगळी आहे. फलकावर एक लढाई आणि एक वर्ष येईल. साल्हेर एका दिवसाचा डोंगर होईल. मग मुल्हेरची महमुदी, रुद्रकवी, कर्ण वाघेला, मोसमचे फड आणि डोंगऱ्या देव यांना त्या फलकावर जागा उरणार नाही. आणि त्यांच्याशिवाय ती लढाईही समजणार नाही, हे मी इतका वेळ सांगतो आहे.

म्हणून या व्याख्यानमालेच्या निमित्ताने स्थानिक इतिहास लिहू पाहणाऱ्या तरुणांना तीन कामं सुचवतो. एक, साल्हेरचे कागद एका भाषेत शोधू नका. ते फारसीत आहेत, संस्कृतात आहेत, मोडीत आहेत, इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारात आहेत आणि गायकवाडी कारभारामुळे वडोद्याच्या दफ्तरातही असणार. मराठी अभ्यासकाने थोडी गुजराती शिकली, तर या एका डोंगराचा अर्धा इतिहास मोकळा होईल. दोन, मोसमच्या काठचे म्हातारे पाटकरी आणि डोंगरातले भगत अजून आहेत. फडांचे नियम आणि डोंगऱ्या देवाची गाणी ध्वनिमुद्रित करा, सांगणाऱ्याच्या भाषेत, अहिराणीत, कोकणीत, प्रमाण मराठीत घासूनपुसून नव्हे. तीन, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांना एकाच नकाशावर बसवा. साल्हेरवाडीच्या मुलाला डांगचा इतिहास परका वाटतो आणि डांगमधल्या आहव्याच्या मुलाला साल्हेरचा. ही फाळणी फार तर साठ-सत्तर वर्षांची आहे, आणि ती मोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

या तिन्ही कामांना निधी फारसा लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि भगत व पाटकरी यांच्या बाबतीत तो कमी उरला आहे. साल्हेर पुन्हा वाटेवर आणायचा असेल तर डांबराआधी ही वाट बांधायला घेतली पाहिजे, आणि ती बांधणारी माणसं मुंबई-पुण्याहून येण्याची वाट न पाहता सटाण्यात, मुल्हेरात आणि आहव्यात उभी राहिली पाहिजेत.